फाल्गुन-चैत्रातला माळ

महाराष्ट्रात पक्ष्यांचा सरकारी उत्सव नोव्हेंबरात येतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभरचे हौशी निरीक्षक चार दिवस आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात, त्यात आपल्याकडचेही सामील होतात. मग परीक्षा लागतात, ऊन तापू लागते आणि दुर्बिणी कपाटात जातात. पुण्याकडच्या माणसाला पक्षिनिरीक्षण म्हटले की भिगवणचे पाणी, होडी आणि रोहित पक्ष्यांचा थवा आठवतो, तो बराचसा या वेळापत्रकामुळे. या प्रकरणाचे म्हणणे वेगळे आहे. पायी हिंडणाऱ्याला पक्षी नुसते मोजायचे नसतील, त्यांचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर पुणे जिल्ह्यात फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलअखेर हा काळ हिवाळ्याहून अधिक शिकवतो. आणि त्यासाठी तळ्याकाठी जायलाच हवे असे नाही. शहराच्या कडेला उरलेल्या, उन्हाने पिवळ्या पडलेल्या टेकड्या त्या कामाला जास्त सोयीच्या आहेत.

अशी एक कड पुनावळ्याला आहे. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बंगळुरू महामार्ग गावाला चिकटून जातो, पवनेच्या पलीकडच्या काठाला रावेत आहे, आणि तिथल्या बंधाऱ्यातून शहर आपले पिण्याचे पाणी उचलते. दक्षिणेला ताथवडे आणि वाकडचे उंच इमले, तर पश्चिमेला जांबे, नेरे, मारुंजी आणि कासारसाईच्या जलाशयाकडे जाणारा चढउताराचा मुलूख. देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वराचा लेण्यांचा डोंगर आहे, आणखी उत्तरेला तुकोबांच्या चिंतनाच्या जागा म्हणून ओळखले जाणारे भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर. या पट्ट्याचे खरे वैशिष्ट्य पावसाच्या आकड्यांत आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि हा सगळा उतार पन्नास-साठ किलोमीटरच्या आत होतो. पुनावळे त्या उताराच्या कोरड्या टोकाकडे आहे. त्यामुळे इथल्या टेकड्यांवर घाटातले सदाहरित रान नाही. गवत, काटेरी झुडपे आणि विखुरलेली पानझडी झाडे हेच इथले रान. पावसाळ्यात हिरवे दिसणारे हे रान होळीपर्यंत इतके सुकते की महामार्गावरून जाणाऱ्याला तिथे काही जगत असेल असे वाटत नाही. नेमका हाच समज तपासून पाहायला हवा.

पहिली गोष्ट दिसण्याची. ऑक्टोबरात या टेकडीवर गवत कमरेएवढे असते आणि झुडपे पानांनी भरलेली. पक्ष्याची हालचाल कळते, पक्षी कळत नाही. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते. पळस, सावर, पांगारा, मोई ही झाडे जवळजवळ नागडी होतात, गवत कापले वा चरले जाते, आणि जमिनीवर वावरणारा पक्षी प्रथमच पायापासून शेंडीपर्यंत नजरेत येतो. पानगळीला आपण उगाच मरणकळा समजतो. झाड पाने टाकते तेव्हा पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते. खोल मुळे जमिनीतला उरलासुरला ओलावा ओढत राहतात आणि खोडात पाणी साठते. त्या पाण्यावर झाड भर उन्हाळ्यात फुलते, आणि पुष्कळ झाडांना पहिला पाऊस पडायच्या कितीतरी आधी नवी पालवी येते. मार्च-एप्रिलमध्ये करंजाची कोवळी पाने पाहिली की हे हिशेब कळतात. पावसाळी किड्यांची झुंबड उडण्याआधी पाने जून होऊन गेलेली बरी, असेही एक स्पष्टीकरण वनस्पतिशास्त्रज्ञ देतात. पण कोवळे पान आले की थोडेफार किडे, अळ्या येतातच, आणि त्यांच्यामागे सुभग, शिंपी, वटवट्ये येतात. म्हणजे वरवर मेलेल्या दिसणाऱ्या रानात या दिवसांत पाण्याचा आणि अन्नाचा व्यवहार जोरात चालू असतो. तो उघड्या फांद्यांवर चालत असल्यामुळे आपल्याला दिसतो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट खाण्याची. पळस, पांगारा आणि सावर या तिघांनी फुलण्यासाठी हाच काळ निवडला आहे आणि तिघांची फुले एकाच घराण्यातली वाटावीत अशी आहेत: लाल किंवा केशरी, जाड पाकळ्यांची, फारसा गंध नसलेली आणि मधाने ओथंबलेली. अशी फुले वासामागे धावणाऱ्या किड्यांपेक्षा रंग ओळखणाऱ्या आणि वजनदार पाहुण्यांसाठी असतात. फुललेला पळस ही त्या महिन्यातली खानावळच. बुलबुल, कोतवाल, साळुंक्या, कावळे, शिंजीर सगळे तिथे येतात, पण सगळेच झाडाच्या उपयोगाचे नसतात. काही जण मध पितात आणि परागाला शिवतही नाहीत, काही पाकळ्या ओरबाडून टाकतात. पळसाच्या परागीकरणाचा अभ्यास करणाऱ्यांना जांभळा शिंजीर कामाचा आढळला, आणि त्याच्या जोडीला चक्क खार. निरीक्षकाने फुललेल्या एका पळसापुढे तासभर थांबावे आणि कोण फुलाच्या कोणत्या बाजूने चोच घालतो एवढेच पाहावे; पक्ष्यांची नावे पाठ करण्यापेक्षा त्यात जास्त कळते. भोरड्या ओळखायलाही हीच वेळ बरी. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करणारा हा गुलाबी-काळा पक्षी हिवाळा आपल्याकडे काढतो. ज्वारीच्या शेतकऱ्याला तो उपद्रवी म्हणून माहीत आहे, पण फाल्गुनात त्याच्या कपाळावर पिवळा पराग माखलेला असतो. पिकाचा चोर आणि फुलांचा वाहक अशा दोन्ही भूमिका तो एकाच मुक्कामात करतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विणीची. हिवाळ्यात पक्षी खातो आणि स्वतःला जपतो; वसंतात तो जागा धरतो, गातो, भांडतो, जोडी जमवतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखा फिका असतो, छातीवर एक काळसर रेघ तेवढी. फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो निळ्या-जांभळ्या झळाळीचा होतो. चिरक शेपटी उभारून दगडावर बसतो आणि दुसऱ्या नराला हद्द दाखवतो. डोंबारी नावाचा चिमणीएवढा चंडोल सरळ वर चढतो, शीळ घालत खाली झेपावतो, जमिनीला टेकणार तोच पुन्हा उसळतो. त्याला हे नाव देणाऱ्या माणसाने कसरत नीट पाहिली होती यात शंका नाही. वेडे राघू मातीच्या उभ्या कडांना भोके पाडू लागतात, आणि बांधकामासाठी कापलेली मातीची कड मिळाली तर तीही त्यांना चालते. तांबट वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो. कोकिळेचे काव्य आपल्याकडे भरपूर आहे. त्यातला गाणारा नर असतो आणि त्याच्या गाण्याचा शेवट कावळ्याच्या घरट्यात होतो, हे कवींनी फारसे मनावर घेतले नाही.

इथे एक प्रश्न विचारला पाहिजे. सुगरणीसारखे पक्षी पावसाळ्यात घरटी करतात, कारण तेव्हा गवत आणि किडे मुबलक असतात. मग टिटवी, माळटिटवी, रातवा हे पक्षी भाजणाऱ्या उघड्या जमिनीवर, मार्च-एप्रिलमध्ये अंडी का घालतात? उत्तर त्यांच्या घरट्यातच आहे. ते घरटे म्हणजे खडे बाजूला सारून केलेली खळगी, रातव्याच्या बाबतीत तीही नाही. मुसळधार पावसात असे घरटे वाहून जाईल आणि उंच गवतात येणारा शत्रू अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला दिसणार नाही. कोरड्या दिवसांत जमीन घट्ट, नजर मोकळी, आणि ठिपक्यांची अंडी मुरमात मिसळून जातात. पिले मोठी होत असताना पहिल्या पावसाचे किडे हाताशी येतात, हा आणखी एक फायदा. किंमत उन्हाची. ती चुकवण्यासाठी टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि अंड्यांवर येऊन बसते. सुमारे चार आठवडे हा उद्योग चालतो. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस मोठा, या लोकसमजाला आधार असो वा नसो, त्यातून एक गोष्ट दिसते: शेतकऱ्याला टिटवीची अंडी कधी आणि कुठे असतात हे ठाऊक होते. शहरी निरीक्षकाने ते ज्ञान हरवले, कारण त्या महिन्यात तो माळावर जातच नाही.

याच आठवड्यांत पाहुण्यांचे निघणे चालू असते. कृष्ण थिरथिरा, गप्पीदास, धोबी, भोवत्या हे हिवाळी पक्षी मार्चपासून विरळ होत एप्रिलअखेर बहुतेक निघून जातात. युरोपातल्या पुस्तकांत वसंत म्हणजे पक्ष्यांचे आगमन असते. आपल्याकडे तो बराचसा निरोपाचा काळ आहे, आणि स्थानिकांच्या विणीचा. चातक आणि नवरंग मेअखेरीस, जूनच्या तोंडावर येतात, तोवर रंगमंच बहुतांशी इथल्याच मंडळींचा. एकाच टेकडीवर आठवड्याला एकदा चालणाऱ्याला हा बदल नावानिशी टिपता येतो: थिरथिरा शेवटचा कधी दिसला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, टिटव्यांची जोडी कोणत्या आठवड्यापासून अंगावर यायला लागली. हिवाळ्यातली यादी एखाद्या दिवसाचा हजेरीपट असते. वसंतातल्या यादीत कारणे दिसतात.

यावर पहिला आक्षेप संख्येचा येईल. भिगवणला एका सकाळी जेवढ्या जाती दिसतात तेवढ्या पुनावळ्याच्या टेकडीवर महिनाभरात दिसणार नाहीत. ताम्हिणीच्या रानात तर आणखी दुर्मीळ पक्षी आहेत. हे खरेच आहे, आणि ज्याला जातींचा आकडा वाढवायचा आहे त्याने तिकडे जावे. पण आकड्याच्या शर्यतीत एक गफलत असते. डोंबारी, माळटिटवी, मुरारी, धाविक हे पक्षी घाटातल्या दाट रानात भेटत नाहीत आणि खोल पाण्याकाठीही नाहीत. त्यांची जागा उघडा माळ हीच आहे. समृद्ध जागी पाहिलेले शंभर पक्षी गरीब वाटणाऱ्या जागेतल्या तीस पक्ष्यांची भरपाई करत नाहीत, कारण ते वेगळे पक्षी आहेत. शिवाय दूरच्या ठिकाणी माणूस वर्षातून एकदोनदा जातो. घराजवळच्या टेकडीवर तो ऋतूभर जाऊ शकतो. उन्हाचा आक्षेप त्याहून हलका आहे. मार्चमध्ये सूर्योदय साडेसहाच्या पुढेमागे, एप्रिलच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमारास. पक्षी सर्वांत जास्त गातात ते उजाडताना. साडेनऊपर्यंत परतणाऱ्याला डोक्यावर टोपी आणि दोन बाटल्या पाणी पुरते, आणि त्यानंतर पक्षीही सावली धरून गप्प बसतात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, कारण तो पुष्कळ जाणत्या माणसांकडूनही येतो. म्हणतात, हा माळ मुळात माळ नव्हताच. इथे जंगल होते, ते तोडले, गुरे चारली, आणि उरले ते हे काटेरी रान. तेव्हा त्यातल्या पक्ष्यांचे कौतुक म्हणजे बिघाडाचे कौतुक. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. ओढ्याकाठची मोठी झाडे तोडली गेली आहेत, मुरूम उपसला गेला आहे, अतिचराईने काही उतार खरोखर उघडे पडले आहेत. पण संपूर्ण पट्ट्याला हे लागू करायचे तर पुरावा उलट दिशेने बोलतो. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. विज्ञानाला नवीन म्हणून त्याने ज्यांचे वर्णन केले त्यांत राखी वटवट्या आहे, साधा वटवट्या आहे, खडकाळ माळावरचा लावा आहे, मोठा करडा सातभाई आहे, आणि पुढे ज्याला त्याचेच नाव मिळाले तो तांबूस चंडोल. ही सगळी उघड्या, झुडपी रानातली मंडळी. कारखाने, रेल्वे आणि वनखाते यांच्या आधीचा दख्खन अशा पक्ष्यांनी भरलेला होता. दाट जंगलात असे पक्षी जमत नाहीत.

त्याच्याही मागे जाता येते, आणि तेही मराठीच्याच आधाराने. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले, कथा-आख्यानांमधले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले आणि ती झाडे कोणत्या प्रकारच्या रानात वाढतात ते तपासले. त्यांत गवताळ, विरळ झाडीच्या मुलखातल्या वनस्पतींचेच प्राबल्य निघाले. पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा भाग किमान साडेसातशे वर्षे असाच आहे, हा त्यांचा निष्कर्ष. संतांची चरित्रे वनस्पतिशास्त्राच्या कामी येतील असे कोणाला वाटले नसेल. पण पंढरपुरात कान्होपात्रेच्या नावाशी तरटीचे काटेरी झाड जोडलेले आहे, वडपिंपळ नव्हे, याचा अर्थ आता जरा वेगळा लागतो.

तरीही सरकारी नकाशात असा मुलूख बऱ्याचदा पडीक जमिनीत मोजला जातो. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी देशातल्या कोरड्या भागांतल्या अशा मोकळ्या नैसर्गिक अधिवासांचा नकाशा तयार केला. ते भारताच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के भरतात आणि त्यांतले ५ टक्क्यांहून कमी क्षेत्र अभयारण्ये वा राष्ट्रीय उद्यानांत येते. पक्ष्यांवर याचा परिणाम काय होतो हे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात पाहता येते. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळचा कल ठरवता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या, आणि गवताळ व मोकळ्या रानातल्या पक्ष्यांची अवस्था विशेष वाईट निघाली. हा अहवाल ज्या नोंदींवर उभा आहे त्या कोणा सरकारी यंत्रणेने नव्हे, सकाळी वही किंवा मोबाइल घेऊन बाहेर पडलेल्या सामान्य माणसांनी केल्या आहेत. म्हणूनच माळावरची फाल्गुन-चैत्रातली यादी ही हौसेची गोष्ट असूनही तिचे वजन मोठे आहे. हिवाळ्यातली नोंद पक्षी तिथे आहे एवढे सांगते. विणीच्या दिवसांतली नोंद ती जागा त्याचे घर आहे असे सांगते, आणि जमिनीबद्दल निर्णय होतात तेव्हा कामाला येते ती ही दुसरी गोष्ट.

तिसरा आक्षेप वृक्षप्रेमींचा. टेकडी उघडी आहे, झाडे लावा, पक्षी आपोआप येतील. येतील हे नक्की: बुलबुल, साळुंकी, कावळा, कोकीळ. तेच पक्षी जे खालच्या सोसायट्यांच्या बागेत आधीपासून आहेत. जातील ते चंडोल, टिटव्या आणि लावे, ज्यांना दूरवरची जमीन दिसल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर हा प्रयोग होऊन गेला आहे. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प भराभर वाढते, गुरे ते सहसा खात नाहीत, म्हणून लागवडीच्या आकड्यांसाठी सोयीचे. त्याने उतार हिरवे झाले, पण त्याच्या दाट रांगांखाली गवत उरत नाही आणि गवताबरोबर गवतातले जगणेही जाते. झाडांना विरोध करायचे कारण नाही. पवनेच्या काठावर उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची गरजच आहे, रस्त्याकडेला सावली हवीच. वाद जागेचा आहे. ओढ्याच्या घळीत उंबर आणि माळाच्या माथ्यावर गवत, अशी वाटणी निसर्गाने पावसाच्या हिशेबाने केली होती. ती मोडून सगळीकडे एकच हिरवा रंग देणे हे शहरी डोळ्याचे समाधान आहे.

शेवटचा आक्षेप निरीक्षकांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि तो योग्य आहे. विणीच्या काळात माणसे माळावर हिंडली तर त्रास पक्ष्यांनाच. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला उघड्यावर आणणे हा या काळातला सर्वांत वाईट प्रकार. नराला वाटते प्रतिस्पर्धी आला, तो घरटे आणि अन्न सोडून भांडायला धावतो. घरट्याचे जवळून छायाचित्र घ्यायचे म्हणून आडव्या आलेल्या काटक्या मोडल्या की कावळ्याला पत्ता मिळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते, हे अनेक छायाचित्रकारांना ठाऊक नसते. पण यावरून वसंतात जाऊच नये असा निष्कर्ष काढला तर माळ कोणाच्या ताब्यात राहतो ते पाहावे लागेल. त्याच महिन्यांत तिथे दुचाकी चढतात, राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, आणि चांगले गवत येईल या समजुतीने किंवा निव्वळ खोडीने वणवे लावले जातात. मार्चमधल्या एका वणव्यात टिटवी, रातवा आणि तित्तिराची किती घरटी जातात याची मोजदाद कोणी करत नाही, कारण ती तिथे होती हेच कोणाला माहीत नसते. मळलेली पायवाट न सोडणारा, टिटवीने आरडाओरडा सुरू करताच मागे वळणारा आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमावर न टाकणारा माणूस या सगळ्यांत कमीत कमी नुकसान करतो. आग दिसली तर वनखात्याला फोन करणाराही बहुधा तोच असतो.

पुनावळ्यात हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही. महापालिकेच्या आराखड्यात इथली वनखात्याची जमीन कचरा डेपोसाठी राखून ठेवलेली होती. मोशीचा डेपो भरत आला तसा हा प्रस्ताव वर आला, आणि २०२३ मध्ये रहिवाशांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. दुर्गंधी, आरोग्य आणि घरांच्या किमती हे मुद्दे त्यात होते, तसा झाडांचा आणि टेकडीवरच्या जीवसृष्टीचाही होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मंत्र्यांनी हा प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. डेपो टळला हे चांगलेच झाले. पण टेकडीवर काय होऊ नये हे ठरले म्हणून काय व्हावे हे ठरत नाही. अशा जागांवर पुढची पायरी बहुधा वृक्षारोपणाची असते. लागवड जुलैत होते, पण खड्डे खणले जातात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या घरट्यांच्या ऐन हंगामात, आणि खणणाऱ्याच्या हेतूत काहीच वाईट नसते. तेव्हा पुनावळे, मारुंजी, नेरे किंवा घोरावडेश्वराच्या बाजूच्या कोणत्याही टेकडीवर अशी मोहीम निघाली आणि तुम्हाला तिचे निमंत्रण आले, तर कुदळ उचलण्याआधी आयोजकांकडे एक कागद मागा: त्या जागेवरची मार्च आणि एप्रिल महिन्यांतली पक्ष्यांची नोंद. ती नसेल तर खड्डे एक वर्ष थांबू शकतात. येत्या फाल्गुनात सकाळी टेकडीवर जाऊन ती नोंद तुम्ही स्वतः करा आणि वनखात्याच्या व महापालिकेच्या उद्यान विभागाच्या टेबलावर नेऊन ठेवा.